तीन वचनांची चाचणी

विषय : रविवारच्या उपासनेत पहिला शास्त्रपाठ वाचण्याची पाळी टेलिफोनबाईंना पूर्ववत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) सदर बाईंचा अर्ज. २) त्यावर कमिटीची चर्चा. ३) त्या चर्चेवरची चर्चा.

वरील विषयास अनुसरून निवेदन करतो की, मी वाचनपीठ बोलतोय.

चर्चमध्ये पुढे डाव्या हाताला उतरत्या माथ्याचा जो लाकडी स्टँड दिसतो आणि ज्यावर शास्त्रपाठांचा जाडजूड ग्रंथ उघडा असतो, तो मी. उजव्या हाताचं व्यासपीठ वेगळं. तिथून पाळक उपदेश करतात. त्याला पायऱ्या आहेत, कठडा आहे, पाण्याचा पेला ठेवायला खाच आहे. मला यातलं काही नाही. उपदेश करणाऱ्याचा घसा कोरडा पडतो, वाचणाऱ्याचा पडत नाही, असा समज असावा.

या प्रकरणात मला कोणी साक्षीला बोलावलेलं नाही. लाकडाला बोलावण्याची पद्धतही नाही. पण प्रकरणातला शब्द न् शब्द माझ्या डोक्यावरून गेलेला आहे, म्हणून आधी माझी माहिती सादर करतो.

माझा जन्म मोडीत काढलेल्या एका कपाटातून झाला. सुतारानं माप घेतलं ते त्या वेळच्या पाळकांच्या छातीचं. ते गृहस्थ ताडमाड. पुढे त्यांची बदली झाली. ते गेले आणि त्यांची उंची माझ्याकडे राहिली. तेव्हापासून माझ्यासमोर एक लाकडी खोका ठेवलेला आहे. बेताच्या उंचीची माणसं त्यावर चढून वाचतात. माणूस चढला की आधी खोका कुरकुरतो, मग माणूस घसा खाकरतो, मग देवाचं वचन सुरू होतं. हा क्रम आजवर चुकलेला नाही.

माझ्या अंगावर वर्षभर कपडे बदलतात. नाताळाआधीच्या आगमनकाळात जांभळा, नाताळात पांढरा, उपवासकाळात पुन्हा जांभळा, पुनरुत्थानाला, म्हणजे ईस्टरला, पुन्हा पांढरा, त्यानंतर पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्टला एकच दिवस लाल. मग हिरवा. हिरवा इतका लांबतो, की मध्येच कधीतरी लोक विसरतात आपण कुठल्या काळात आहोत, आणि मीही विसरतो. नाताळात चर्च भरतं, पुनरुत्थानाला तुडुंब भरतं. हिरव्यात जे येतात, ते खरे नेमाचे. त्यातलेही काही पंख्याखालच्या बाकासाठी लवकर येतात.

आगमनाच्या पहिल्या रविवारी ‘जागे राहा’ असं वाचलं जातं, तेव्हा मागच्या दोन बाकांवर कोण कोण झोपलेलं असतं, हे मला उंचीमुळे दिसतं. मी बोलत नाही. वाचणाऱ्यांच्याही तऱ्हा असतात. कोणी भविष्यवाद्याचा कोप असा वाचतो, जसा काही शेजाऱ्याच्या नळाबद्दल तक्रार करतोय. कोणी प्रेषिताचं पत्र पोस्टमनसारखं दारात टाकून निघून जातो. कोणी रडतो. रडणाऱ्याचं कौतुक होतं, पण काय वाचलं हे नंतर कोणाला सांगता येत नाही.

पेंटेकॉस्टचा पाठ मात्र वेगळा. त्यात पार्थी, मेदी, एलामी अशी देशोदेशींच्या लोकांची यादी येते, आणि कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया पार करता करता भल्याभल्यांची दातखीळ बसते. वाचकांच्या पाळ्या सेक्रेटरी लावतात. वर्षभरात ज्याचं त्यांच्याशी वाजलं असेल, त्याच्या वाट्याला पेंटेकॉस्ट येतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. “यंदा पेंटेकॉस्ट कोणाचा?” असं विचारलं, की भांडण कोणाशी झालं ते आपोआप कळतं.

सेक्रेटरी शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झाले. शाळा सुटल्या, तपासणी सुटली नाही. माझ्या कपाळावर त्यांनीच एक चिठ्ठी चिकटवली आहे : ‘वाचकांनी पान उलटू नये. खूण हलवू नये. हुकमावरून.’ हुकूम कोणाचा, हे विचारायची सोय नाही. एका वाचकानं घाईघाईत दोन पानं उलटून भलताच पाठ वाचला होता, त्याचं हे फळ.

आता टेलिफोनबाई.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. लोक नंबर सांगत आणि बाई तारा जोडून देत, त्या काळापासून. निवृत्तीनंतर कित्येक वर्षं पहिला शास्त्रपाठ महिन्यातून एकदा त्यांच्याकडे असे. खोक्यावर चढायच्या, चष्मा लावायच्या, वाचायच्या, उतरायच्या. ना चढउतार, ना हुंदका. एकदा उपासनेनंतर मंडळीतल्या एका सुनेनं त्यांना विचारलं, “बाई, तुम्ही इतकं सरळ कसं वाचता हो? मला तर यशयाचा पाठ वाचताना भरूनच येतं.”

“मी फक्त लाइन जोडून देते गं,” बाई म्हणाल्या. “बोलणारा तिकडे, ऐकणारा इकडे. मध्ये आपण हुंदके दिले तर दोघांनाही ऐकू येत नाही.”

शास्त्रपाठाबद्दल यापेक्षा शहाणं वाक्य मी त्या उजव्या हाताच्या व्यासपीठावरूनही ऐकलेलं नाही.

मग उपवासकाळाच्या तोंडावर बाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात निम्मा राहिला आणि बोलणं तुटलं. शब्द डोक्यात हजर, जिभेवर गैरहजर. येतो, पण वाट पाहायला लावून येतो. वाचकांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं गेलं. काढलं असं कोणी म्हणालं नाही. पुढची यादी लावली तेव्हा ते त्यात नव्हतं, एवढंच.

पुनरुत्थानाचा रविवार झाला आणि गुरुवारी बाई माझ्यासमोर आल्या. सोबत नणंद. ही नणंद बाईंकडेच राहते आणि चर्चची झाडलोट तिच्याकडे आहे, म्हणून किल्ली तिच्याकडे. गुरुवार साफसफाईचा.

“वहिनी, इथे कशाला? घरी वाचा की.”

“घ...री... उंची... नाही,” बाई म्हणाल्या आणि खोक्यावर चढल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी त्या येत्या रविवारचा पाठ माझ्यासमोर वाचत आल्या. रविवारी तो दुसरंच कोणीतरी वाचणार, हे माहीत असून. मंडळीनं रविवारी जे झरझर ऐकलं, ते मी गुरुवारी थेंबाथेंबानं आधीच ऐकलेलं असायचं. दावीद आणि तो राक्षसी योद्धा यांची लढाई बाईंनी इतकी लांबवली, की गोटा गोफणीत घातल्यावर नणंदेनं एक अख्खं बाक पुसून काढलं आणि मान वर करून विचारलं, “पडला का हो तो? का अजून उभाच आहे?”

“प...डतोय.”

“सावकाश पडू दे. मी पलीकडचं बाक घेते.”

दोघी हसायच्या. पण खोक्यावरून उतरताना बाईंचा चेहरा घामेजलेला असायचा. एकदा त्या नणंदेला म्हणाल्या ते माझ्या लक्षात आहे. तुटक तुटक म्हणाल्या, मी जोडून सांगतो. “घरात मी बोलले तर तुम्ही समजून घेता. डॉक्टर समजून घेतात. दुकानदार बोटानं दाखवायला सांगतो. मला समजून घ्यायला नकोय वन्सं. मला ऐकायला हवंय.”

नणंदेनं फडकं पिळलं आणि पुन्हा तेच बाक पुसलं.

बाईंनी अर्ज दिला तो हिरव्या काळाच्या सुरुवातीला. कमिटीची बैठक उपासनेनंतर पुढच्या बाकांवर, म्हणजे माझ्या पायाशीच भरते. सेक्रेटरी, पाळक आणि घड्याळजी. घड्याळजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि उपासना वेळेत संपवणं ही ते आपली स्वतःची जबाबदारी समजतात. पाळक तरुण, स्वभावानं गरीब. ‘बघू’ हा त्यांचा आवडता शब्द.

“सहानुभूती सगळ्यांनाच आहे,” सेक्रेटरी म्हणाले. सहानुभूतीनं सुरू झालेलं वाक्य कुठे जाऊन संपतं, हे मला अनुभवानं माहीत आहे. “पण मंडळीचाही विचार करायला हवा. शास्त्रातच पाहा. मोशेची जीभ जड होती. तर देवानं त्याच्या वतीनं बोलायला त्याचा भाऊ अहरोन दिला. बाईंनाही नणंद आहे. बाईंनी बाजूला उभं राहावं, नणंदेनं वाचावं.”

बाई दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. उठल्या. शब्द यायला वेळ लागला, कमिटी थांबली.

“दे...वानं दिला,” बाई म्हणाल्या. “क...मिटीनं... नाही.”

घड्याळजींना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. पाळक म्हणाले, “बघू.” अर्ज पुढच्या बैठकीत ठेवण्यात आला. पुढच्या बैठकीत तो त्याच्या पुढच्या बैठकीत ठेवण्यात आला.

मध्ये रविवार चालले होते. ईयोबाचे पाठ आले. सगळं गमावून राखेत बसलेला माणूस, आणि त्याला चार शब्द ऐकवायला आलेले मित्र. नणंद म्हणाली, “याचीही कमिटीच होती म्हणायची.” मग वर्ष सरता सरता हन्नाचा पाठ आला. हन्ना मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करते, ओठ हलतात पण आवाज येत नाही, आणि याजक एलीला वाटतं की बाई दारू पिऊन आली आहे. त्या गुरुवारी पाळक काही विसरलेली वही न्यायला आत आले आणि दारातच थबकले. खोक्यावर बाई होत्या. त्यांचे ओठ हलत होते, शब्द अजून आला नव्हता. पाळक बराच वेळ दारातच उभे राहिले. वही न घेताच गेले.

पुढच्या बैठकीत ते पहिल्यांदा ‘बघू’ म्हणाले नाहीत. “आगमनाच्या पहिल्या रविवारी पहिला पाठ यिर्मया भविष्यवाद्याचा आहे,” ते म्हणाले. “तीनच वचनं. वर्षात याहून लहान पाठ क्वचितच मिळेल. तो बाईंना द्या. जमलं तर पाळी चालू.”

“चाचणी म्हणून,” सेक्रेटरी म्हणाले.

“चाचणी म्हणून.”

“यिर्मयाची तीन वचनं, चाचणी म्हणून. मंजूर,” असं सेक्रेटरींनी मोठ्यानं म्हणत लिहून घेतलं.

बाईंनी ती तीन वचनं घरी, स्वयंपाकघरात, जिन्यात घोकली. गुरुवारी माझ्यासमोर आल्या तेव्हा एकही शब्द अडला नाही. सावकाश, पण सलग. नणंदेनं फडकं खांद्यावर टाकून टाळ्या वाजवल्या.

आता इथे थोडा तांत्रिक भाग आहे, तो सांगावाच लागेल. आमचे शास्त्रपाठ तीन वर्षांच्या फेऱ्यात चालतात. पहिल्या वर्षाचे वेगळे, दुसऱ्याचे वेगळे, तिसऱ्याचे वेगळे. मग पुन्हा पहिलं. ग्रंथात प्रत्येक रविवारचे हे तिन्ही पाठ ओळीनं छापलेले आहेत, एकेका पानावर एकेक. आणि चर्चचं वर्ष जानेवारीत बदलत नाही, आगमनाच्या पहिल्या रविवारी बदलतं. त्या दिवशी दुसरं वर्ष संपून तिसरं लागणार होतं.

ग्रंथात खुणेची फीत लावायचं काम पूर्वी पाळक करत. या वर्षापासून सेक्रेटरींनी ते आपल्याकडे घेतलं होतं. सेक्रेटरींचं वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरबरोबर बदलतं. शनिवारी संध्याकाळी ते आले, आगमनाचा पहिला रविवार काढला, वर्षभराच्या सवयीनं दुसऱ्या वर्षाचं पान उघडलं, फीत घातली, वाऱ्यानं पान उडू नये म्हणून पितळी चाप लावला, माझ्या माथ्यावर एक थाप मारली आणि गेले. ती थाप मला तेव्हाच पटली नव्हती.

रविवारी मी जांभळ्यात होतो. बाई खोक्यावर चढल्या. चष्मा लावला. पानाकडे पाहिलं.

समोर यिर्मया नव्हता. यशया होता. तीन वचनं नव्हती, नऊ होती.

बाईंचा निम्मा हात माझ्या कडेवर होता, तो घट्ट झालेला मला कळला. घोकलेला पाठ पुढच्याच पानावर होता. तो तर त्यांना न पाहताही म्हणता आला असता. त्यांनी पानाकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं. समोर मंडळी बसली होती. मग त्या वाचू लागल्या, जे उघडं होतं ते. आलेला कॉल आपण निवडायचा नसतो, अशी त्यांची जुनी शिस्त.

तो पाठ असा की, देवा, तू आकाश फाडून खाली का उतरत नाहीस, असं लोक विचारतात. एरवी या पाठात आकाश फाटतं आणि त्याच दमात शिवलंही जातं. त्या दिवशी बाईंनी ‘आकाश’ म्हटलं आणि पुढचा शब्द येईना. लोक थांबले. आकाशाचं पुढे काय होतंय, हे त्यांना खरंच कळायला हवं होतं. मागच्या दोन बाकांवर कोणीही झोपलेलं नव्हतं. मी पाहिलं.

मग डोंगर थरथरले, एक एक करून. मग आम्ही सगळे पानासारखे वाळलो. मग माती आली, आणि मातीनंतर कुंभार यायचा होता. तो येईना. बाईंचे ओठ मिटत, उघडत, पुन्हा मिटत. नणंद तिसऱ्या बाकावर होती. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, म्हणजे उठून जायला नको. पुढच्या बाकावरच्या सगळ्यांचे ओठ हलत होते. ‘कुंभार’, ‘कुंभार’. आवाज एकाचाही नाही. कोणी सुचवलं नाही. आमच्या मंडळीला न सुचवता गप्प बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलेलं नाही.

“कुं...भार,” बाई म्हणाल्या. “तू... कुंभार.”

आणि पुढे गेल्या. नववं वचन संपलं तेव्हा ‘परमेश्वराला धन्यवाद’ म्हणायचं असतं. एरवी लोक शेवटच्या शब्दावर पाय देऊनच ते म्हणतात. त्या दिवशी पाठ संपला हे कोणाच्या ध्यानात येईना. मग एका कोपऱ्यातून एकानं म्हटलं, मग तिघाचौघांनी, मग सगळ्यांनी. बाई उतरल्या. चष्मा माझ्यावरच विसरल्या.

पाळकांनी उपदेश यिर्मयावर केला. त्यांनी तोच तयार केला होता. कोणाला फरक जाणवला नाही, हे उपदेशाबद्दल काय सांगतं, ते मी सांगत नाही.

उपासनेनंतर कमिटी बसली. घड्याळजींनी आधी घड्याळ काढलं.

“तीन वचनांना एवढा वेळ? मग गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाची कथा आली की आम्ही डबे बांधून यायचं का?”

“तीन नव्हती, नऊ होती,” पाळक म्हणाले. “यशया वाचला गेला. दुसऱ्या वर्षाचा. आजपासून तिसरं वर्ष.”

“मग यिर्मया कुठे गेला?” सेक्रेटरींनी विचारलं.

“पुढच्या पानावर.”

सेक्रेटरी उठून माझ्याजवळ आले. चाप पाहिला, फीत पाहिली. त्यांचे कान लाल झाले. पण तपासनीस हा शेवटी तपासनीस. “बाईंनी पान उलटायला हवं होतं,” ते म्हणाले.

नणंद मागे पडदे सारखे करत होती. “उलटू नये अशी चिठ्ठी आहे ना हो तिथे? तुमच्याच अक्षरात.”

“आपण कमिटीत नाही.”

“नाही ना. म्हणून तर वाचता आली मला.”

घड्याळजींना पुन्हा खोकला आला. या वेळी तो खोकल्यासारखा वाटलाही नाही. “नऊ वचनं होती होय,” ते घड्याळाकडे पाहत म्हणाले. “मग नऊच्या मानानं काही वाईट नाही. आणि खरं सांगू? मी मध्ये घड्याळ बघितलंच नव्हतं. संपल्यावर बघितलं.”

“तर मग पाळी चालू करू या,” पाळक म्हणाले.

इथे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण चाचणीत बाई पास झाल्या असं लिहायचं, तर काय वाचून पास झाल्या हेही लिहावं लागणार. यशया लिहिला, की तो पाठ तिथे कसा आला हेही लिहावं लागणार. सेक्रेटरींनी पेन उघडलं, टोपण घातलं, पुन्हा उघडलं.

“असं आहे,” ते म्हणाले. “मंजुरी यिर्मयाच्या चाचणीला होती. झालं ते यशयाचं वाचन. वाचन उत्तम झालं, त्याबद्दल अभिनंदन. पण मंजूर चाचणी झालेली नाही. ती व्हायची आहे.”

“मग पुढच्या रविवारी घेऊ.”

“पुढच्या रविवारी यिर्मया नाही.”

“अहो, पण तो पाठ आता तीन वर्षांनी येईल!”

“येईल ना?” सेक्रेटरी म्हणाले. “म्हणजे आपण बाईंना नाही म्हटलेलं नाही.”

पाळकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी होणार. मग ते म्हणाले, “बघू.”

बाई चष्मा न्यायला परत आल्या होत्या. त्यांनी शेवटचा भाग ऐकला. नणंद तणतणत पुढे आली. “वहिनी, तो अर्ज मागे घ्या. यांच्या दारात पुन्हा उभं राहू नका. तीन वर्षं म्हणे! माणसाचा काही नेम आहे का?”

बाईंनी चष्मा उचलला, पुसला, लावला. शब्दाची वाट पाहिली. कमिटीलाही पाहावी लागली.

“मा...गे... घेणार नाही,” बाई म्हणाल्या. मग सेक्रेटरींकडे वळून : “ला...इन... चालू... ठेवा.”

सदर प्रकरणी सद्यस्थिती पुढीलप्रमाणे. फीत तिसऱ्या वर्षाच्या पानावर सरकवण्यात आली आहे. कोणी सरकवली, याची नोंद नाही. चिठ्ठी कायम आहे. माझ्या मागच्या पायाला कीड लागली आहे. सुतार म्हणतो, जपून वापरलं तर अजून काही वर्षं निघतील. बाई दर गुरुवारी येतात आणि येत्या रविवारचा पाठ वाचतात. परवा पाळकही आले, शेवटच्या बाकावर बसून ऐकून गेले. मंडळीतली चार माणसं आता गुरुवारी येऊ लागली आहेत. त्यांत घड्याळजी आहेत. दुकानाला गुरुवारची सुट्टी आहे, असं ते सांगतात. ती सोमवारी असते.

माझी स्वतःची विनंती एवढीच, की तिसरं वर्ष फिरून येईपर्यंत मला बदलू नये. मला तो पाठ रविवारी ऐकायचा आहे.

बाईंचा अर्ज नामंजूर केलेला नाही. मंजूरही केलेला नाही. येत्या रविवारचा पहिला पाठ सेक्रेटरी स्वतः वाचतील.

अर्ज प्रलंबित आहे.